आसाला किती झेपतं? बैलगाडीपासून कांद्याच्या ट्रॉलीपर्यंत



ट्रॉलीत कांदा किती बसतो हे आपल्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, क्विंटलमध्ये सांगेल. पण ट्रॉलीच्या आसाला किती झेपतो असं विचारलं, तर बहुतेक जण ट्रॅक्टरचा एचपी सांगतात. एचपी ओढायच्या कामाचा. भार पेलतो तो आस, त्यावरचे पाटे, बेअरिंग आणि टायर. बसणं वेगळं, ओढणं वेगळं आणि झेपणं वेगळं. या तीन गोष्टींची गल्लत कधीपासून झाली ते बघायला मागं जावं लागतं. नोंद जरा लांबणार आहे, कांदा निवडता निवडता वाचा.

आस म्हंजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, आता आपण ज्याला एक्सल म्हणतो तो. कुणी कणा म्हणतं, कुणी आख. नाव काही असो, गाडीचं सगळं ओझं शेवटी त्याच्यावर येतं आणि तिथून चाकांतून जमिनीत जातं.

आपल्याला वाटतं बैलगाडी अनादिकाळापासून आज दिसते तशीच आहे. तसं नाही. दोनशे वर्षांमागं देशावर माल वाहायचा तो मुख्यतः बैलांच्या पाठीवर. वंजारी-लमाणांचे तांडे शेकडो बैल घेऊन धान्य आणि मीठ घाटाखाली-घाटावर न्यायचे. गाड्या होत्या, पण अवजड. चाक म्हंजे भरीव लाकडी तबकडी, काही ठिकाणी तर दगडाची सुद्धा. असली गाडी रिकामी ओढतानाच बैलाचा जीव जायचा, वर माल काय टाकणार? इंग्रजांनी १८३०-४० च्या दशकात दख्खनेत जमिनीची पाहणी आणि मोजणी चालवली, तेव्हा त्या खात्यातल्या लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्यानं हलकी, स्वस्त आणि टिकाऊ अशी गाडी बसवली. सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला त्या गाड्यांचा कारखाना निघाला, तिथं सुतार-लोहार तयार झाले. आरे असलेलं चाक आणि त्यावर लोखंडी धाव, असली गाडी गावोगाव पसरायला तिथून जोर आला. गाडी वाढली तसा पाठीवरचा माल कमी होत गेला.

ही गाडी मी लहानपणी भरपूर बघितली आहे. बाभळीचं चाक, मध्ये तुंबा, तुंब्यातून गेलेला लोखंडी आस, वर साटी, पुढं दांडी आणि जू. धाव चढवायचा दिवस म्हंजे पोरांचा सणच. लोहार गोवऱ्या-लाकडांचा जाळ करून धाव लाल करायचा, चाकावर बसवून वरून पाणी ओतायचा, की चर्र करून धाव आवळली जायची. साटीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं असायचं. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण तिथूनच आली. आता पोरांना म्हण पाठ असते, नळा मात्र कुणी बघितलेला नसतो. ‘चाकोरी’ सुद्धा तीच, त्या धावांनी कच्च्या रस्त्यात पाडलेली खोल रेघ.

गाडी भरायची एक विद्या होती. दोन चाकांची गाडी म्हंजे तराजू. आसाच्या मागं माल जास्त पडला की जू वर उचललं जातं, त्याला उलाळ म्हणतात. बैलांच्या गळ्याला जोत्याचा फास बसतो, पाय जमिनीवर धड टेकत नाहीत. माल पुढं जास्त पडला की सगळा भार खांद्यावर, आणि बैलाचा खांदा सुजतो. म्हणून भरताना आमचे नाना जू हातानं उचलून बघायचे. किंचित जड लागलं पाहिजे, एका हातानं उचलता आलं पाहिजे. चढ लागला की गाडीवान पुढं दांडीकडं सरकायचा, उतार लागला की मागं. पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं, पण भार आसाच्या कुठल्या बाजूला आहे याचं भान प्रत्येक गाडीवानाला होतं.

आणि मुख्य गोष्ट, तेव्हा मर्यादा सांगणारा जिवंत होता. बैलाला झेपलं नाही की तो मान टाकायचा, चढावर खाली बसायचा. मारून मुटकून उठवलं तरी ते चार लोकांना दिसायचं. ओझ्याचा पहिला कायदा सुद्धा रस्त्यासाठी किंवा गाडीसाठी झाला नाही, जनावरासाठी झाला. १८९० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावरावर अति ओझं लादणं हा गुन्हा ठरला. स्वातंत्र्यानंतर १९६० चा कायदा आला आणि १९६५ साली ओढकाम करणाऱ्या जनावरांचे नियम. या नियमांतले आकडे मला फार बोलके वाटतात. मध्यम आकाराच्या एका बैलानं ओढायची दुचाकी गाडी, तिला हवेचे टायर नसतील तर ७०० किलो. टायर असतील तर १,०५० किलो. बॉल बेअरिंग असेल तर १,४०० किलो. बैल तोच, खांदा तोच. बदललं ते फक्त चाक आणि तुंबा, अन ओझं दुप्पट.

दुपारी १२ ते ३ मध्ये तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर जनावर जुंपायचं नाही, असंही त्याच नियमांत आहे. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये ते कितपत पाळलं गेलं ते तुम्हाला माहीत आहे.

टायरगाडी आली तेव्हाच खरं तर गल्लतीला सुरुवात झाली. बैलाला ओढायला हलकं लागायला लागलं, म्हणून माणूस जास्त भरायला लागला. ओढायची मर्यादा लांब गेली, आणि झेपायची मर्यादा कुठं आहे याकडं बघणारं कुणी उरलं नाही.

आता रेल्वेचं बघा. मुंबई-ठाणे गाडी १८५३ ला सुरू झाली, थळ घाट चढून रूळ १८६५ च्या सुमारास नाशिक-मनमाडवरून भुसावळकडं गेले, आणि लासलगाव त्या लोहमार्गावर आलं. इथला कांदा देशभर जायला लागला त्यात या स्टेशनाचा मोठा वाटा आहे. रेल्वेनं ओझ्याचा हिशोब आसावर ठेवला. रूळ आणि पूल किती टनांचा आस सोसतील ते आधी ठरवायचं आणि त्यावरून डबा किती भरायचा ते. मालगाडीच्या डब्यावर रिकामं वजन आणि भरायची क्षमता रंगवलेली असते, मालधक्क्यावर गेलात तर वाचा. कांदा ज्या बंद डब्यांतून जातो त्यातल्या जुन्या बीसीएन डब्याला चार आस, प्रत्येकावर २०.३२ टन, म्हणून भरलेला डबा ८१.२८ टनांच्या आत. हमाल असो की स्टेशन मास्तर, अंदाजाचा प्रश्नच नाही. आकडा डब्याच्या अंगावर लिहिलेला.

रस्त्यावर मात्र हे शहाणपण उशिरा आलं. मोटारी वाढल्या तसे जुने खडीचे रस्ते उखडायला लागले, आणि त्याच रस्त्यावर लोखंडी धावेच्या गाड्या. गाडीचं वजन कमी, पण धाव दोन-तीन बोटं रुंद, म्हणून खडी चिरडली जायची. १९२७ साली सरकारनं रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले मुकुंदराव जयकर. त्या समितीच्या शिफारशींतून पुढं रस्त्यांसाठी केंद्राचा निधी आला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही इंजिनिअरांची संस्था उभी राहिली. रस्ता किती जाड बांधायचा, याचा हिशोब आज आसाच्या भारावर करतात. त्यासाठी धरलेला प्रमाण आस ८.१६ टनांचा.

आसच का? त्याचं उत्तर अमेरिकेत सापडलं. इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक रात्रंदिवस फिरवले, ड्रायव्हर लष्कराचे. त्यातून ढोबळ नियम निघाला तो असा: आसावरचा भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होते. शेतातून डांबरीला लागतो तिथला रस्ता दर कांद्याच्या हंगामानंतर का बसतो, ते यावरून समजतं. एका ट्रॉलीनं दोन खेपांचा माल एका खेपेत नेला तर डिझेल वाचतं खरं, पण रस्त्याला त्या एका खेपेचा मार दोन खेपांच्या कितीतरी वर जातो.

आपल्याकडच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आसभाराची व्याख्याच दिलेली आहे: एका आसाला जोडलेल्या सगळ्या चाकांतून जमिनीवर जो भार जातो तो. १९९६ च्या अधिसूचनेनं चार टायरच्या एका आसाला १०.२ टन ठरवले, दोन आसांच्या ट्रकला एकूण १६.२. जुलै २०१८ मध्ये ते वाढवून ११.५ आणि १८.५ टन केले. वाढ दिसायला तेरा टक्क्यांच्या आत आहे, पण वरच्या नियमानं मांडलं तर त्या आसाखालची झीज साधारण १.६ पट होते. मधल्या काळात काही राज्यांनी कार्डं काढली होती, ठराविक पैसे भरा आणि जादा माल घेऊन जा. ९ नोव्हेंबर २००५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते बंद केलं आणि जादा माल जागेवर उतरवलाच पाहिजे असं सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. कांद्याला भाव नसेल तेव्हा अख्खी ट्रॉली विकून तेवढे पैसे होत नाहीत, हे सांगायला नको.

ट्रकवाल्यांसाठी निदान आकडे आहेत, गाडीच्या पाटीवर छापलेले आहेत. आपल्या ट्रॉलीचं काय?

लासलगावची बाजार समिती १ एप्रिल १९४७ ची. सुरुवातीची कित्येक वर्षं माल बैलगाडीतून यायचा. १९७५-८० च्या सुमारासही आवारात बैल सोडलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत, कडब्याच्या पेंढ्या टाकलेल्या, रात्री गाडीखाली झोपलेली माणसं. मग ट्रॅक्टर आले. सुरुवातीचे पस्तीस एचपीच्या आतबाहेरचे, आता पन्नासच्या पुढं. ट्रॉली मात्र बहुतेकांनी तालुक्याच्या वर्कशॉपलाच बनवून घेतली. तिथं विचारतात लांबी किती, रुंदी किती, फाळका किती उंच. आसाचा गज किती एमएमचा टाकायचा हे ‘जरा मजबूत टाका’ एवढ्यावर भागतं. खोका ठरतो आधी, आस ठरतो नंतर. रेल्वेच्या बरोबर उलटं. मग पुढच्या वर्षी फाळक्यावर दीड फुटाच्या फळ्या येतात, आणि गज तोच राहतो.

हिशोब करून बघू. १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट उंच खोका म्हंजे १२० घनफूट, साधारण ३.४ घनमीटर. मोकळा कांदा घनमीटरला सहाशे किलोच्या आसपास धरा. झाले वीस क्विंटल. दीड फुटाच्या फळ्या लावल्या की पस्तीसच्या पुढं. वर ढीग केला की चाळीस. त्यात ट्रॉलीचं स्वतःचं वजन बारा-तेरा क्विंटल असेल तर बावन्न-त्रेपन्न. हे सगळं एका आसावर आणि दोन टायरांवर. त्याच खोक्यात ओली वाळू नुसत्या फाळक्यापर्यंत भरली तरी पन्नास क्विंटलच्या वर जाते, म्हणून कांद्याच्या ट्रॉलीनं बांधकामाची वाळू आणणाऱ्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. टायरच्या बाजूला जास्तीत जास्त भार आणि हवा किती ते छापलेलं असतं. दोन्ही टायरांची बेरीज करा आणि वरच्या आकड्याशी ताडून बघा. बऱ्याच ठिकाणी तिथंच उत्तर मिळेल. आसाचा गज, पाटे, बेअरिंग, टायर यातलं जे सगळ्यात कमजोर, तेवढीच ट्रॉलीची ताकद.

आस वाकायला लागला की दिसतो. मागून बघितलं की चाकं वरच्या अंगाला आत कललेली आणि खाली फाकलेली दिसतात. टायर आतल्या कडेनं जास्त झिजतो. गावाकडं पोहोचून तुंब्याला हात लावला तर हात टिकत नाही इतका गरम. एवढ्या खुणा दिल्यावर एखाद्या दिवशी खड्ड्यात जोराचा हिसका बसतो आणि चाक निघून जातं. दोन वर्षांमागं आमच्या शिवारातल्या एका ट्रॉलीचं असंच झालं. कांद्यावर बसलेला निंदणीचा गडी खाली फेकला गेला, तीन महिने खाटेवर होता. माल रस्त्यावर गेला तो वेगळाच.

आता उलाळीकडं परत येतो, कारण ट्रॅक्टरला ती बैलापेक्षा जास्त लागते. दोन चाकी ट्रॉली ही बैलगाडीचीच बहीण, जुवाच्या जागी हूक. हुकापासून आसापर्यंत १० फूट अंतर आहे आणि ओझ्याचा मध्य आसाच्या १ फूट पुढं आहे असं धरा. ओझ्याचा दहावा हिस्सा हुकावर येतो. पन्नास क्विंटल असेल तर पाच क्विंटल. हा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना चिकटवून ठेवतो, पकड मिळते. मध्य १ फूट मागं गेला तर तेवढेच पाच क्विंटल हूक वर उचलतात. मागची चाकं हलकी होतात, आणि ब्रेक तर त्याच चाकांना. उतारावर ब्रेक दाबला की चाक घसरतं आणि मागून ट्रॉली ढकलते, कारण बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. उलट मध्य फारच पुढं गेला तर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड हलकं होतं, स्टिअरिंग फिरवलं तरी चाकं ऐकत नाहीत. चढावर पुढची चाकं उचललेला ट्रॅक्टर बघितला नाही असा माणूस आपल्यात नसेल. हूक मागच्या आसापेक्षा उंच बांधला असेल तर हे आणखी लवकर होतं, म्हणून ट्रॉली खालच्या हुकालाच.

परदेशात लोक कारमागं चाकावरचं घर ओढत सुट्टीला जातात. तिथं त्या घराच्या प्रत्येक आसाचा भार पाटीवर छापलेला असतो, आणि एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा हुकावर यावा असा ठोकताळा सांगतात. नाना जू हातानं उचलून बघायचे ते हेच. फरक एवढाच, की पन्नास क्विंटलचा हूक हातानं उचलून बघता येत नाही.

गंमत अशी, की कायद्यातली ट्रॅक्टरची व्याख्या सांगते की हे वाहन स्वतः ओझं वाहण्यासाठी बनवलेलं नाही, ओढण्यासाठी आहे. दोन चाकी ट्रॉली त्याला थोडं वाहायलाही लावते. चार चाकी ट्रॉलीत ते होत नाही. तिचे दोन आस आपापसांत भार वाटून घेतात, हुकावर फक्त ओढ येते. जादा माल नेणाऱ्यानं चार चाकी घ्यावी हे माझं मत. रिव्हर्स घेताना ती वैताग आणते हे मान्य, लासलगावच्या आवारात तर फारच.

आता वजन करायचं कसं. लिलाव झाला की आपण भुईकाट्यावर भरलेलं वजन करतो, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल उतरवतो आणि रिकामं वजन करतो. दोन्हीतला फरक म्हंजे आपला कांदा. आपण फरक वाचतो, पैशाचा तो. भरलेल्या वजनाचा आकडा त्याच पावतीवर असतो, तिकडं बघत नाही. तुमच्या घरी मागच्या हंगामाच्या पावत्या असतील तर काढा आणि सगळ्यात मोठा आकडा शोधा. ट्रॅक्टरचं वजन त्यातून वजा केलं की ट्रॉलीचं सगळं ओझं निघालं.

आसावरचा भार काढायचा असेल तर काट्यावाल्याला विनंती करून एक जादा वजन घ्या. ट्रॅक्टर काट्याच्या पुढं उतरवायचा, ट्रॉलीची चाकं तेवढी काट्यावर ठेवायची, हूक जोडलेलाच. जो आकडा येईल तो आसावरचा भार. ट्रॉलीच्या सगळ्या ओझ्यातून हा आकडा वजा केला की हुकावर किती आलं ते कळतं. आसावरचा आकडा ट्रॉलीच्या ओझ्यापेक्षा जास्त भरला तर समजा उलाळ आहे, हूक वर उचलतोय. गर्दीच्या दिवशी काट्यावाला ऐकणार नाही, मागचे हॉर्न वाजवतील. आवक कमी असेल तो दिवस बघून जा, किंवा गावातल्या खासगी काट्यावर थोडे पैसे देऊन करून घ्या.

मी माझ्या ट्रॉलीचा आकडा काढून फाळक्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं लिहिला आहे, मालगाडीच्या डब्यासारखा: रिकामं वजन, आणि कांदा कुठपर्यंत भरायचा त्याची आडवी रेघ. मजूर भरताना रेघ बघतात, मला ओरडावं लागत नाही. रेघेच्या वर साधारण दीड फूट फाळका मोकळा राहतो. पोरगा म्हणतो, मग एवढा उंच फाळका केला कशाला. कडबा न्यायला उपयोगी पडतो, त्याचं वजन कमी. त्याची रेघ अजून काढायची आहे.